मायडस (साथरोगांचं मॉडेलिंग करणारं नेटवर्क)

मायडस हे साथीच्या रोगांचं कॉम्प्युटर मॉडेलिंग करणाऱ्या संशोधकांचं अमेरिकेतलं नेटवर्क. एनआयएच या सरकारी संस्थेच्या एनआयजीएमएस विभागाने २००४ मध्ये फंडिंग देऊन ते सुरू केलं. साथ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा गणितवाले, डॉक्टर, प्रोग्रामर आधीपासूनच एकमेकांच्या ओळखीचे असावेत, एवढी साधी कल्पना.

तेव्हा भीती होती बर्ड फ्लूची. २००५ मध्ये दोन टीमनी थायलंड कॉम्प्युटरमध्ये उभा केला, एकीने ग्रामीण भागातली ५ लाख माणसं घेतली, दुसरीने सीमेपलीकडचा पट्टा धरून साडेआठ कोटी. यात प्रत्येक माणूस वेगळा असतो, त्याला घर, शाळा नाहीतर कामाची जागा दिलेली असते, मग एकाला फ्लू लावून द्यायचा आणि कोण कोणाला देतं ते बघत बसायचं. नशिबाचा भाग असतोच, एका रनमध्ये साथ चार-पाच जणांत विझते, दुसऱ्यात देशभर जाते, म्हणून तेच परत परत चालवावं लागतं. दुसऱ्या टीमचं उत्तर होतं की लवकर कळलं तर औषधाचे ३० लाख कोर्स आणि लोकांच्या येण्याजाण्यावर बंधनं एवढ्यात साथ उगमापाशीच दाबता येईल. त्याच वर्षी डब्ल्यूएचओला तेवढेच कोर्स औषध बनवणाऱ्या कंपनीकडून देणगी म्हणून मिळाले.

एकाच मॉडेलवर विसंबलं की काय होतं ते इबोलात दिसलं. सप्टेंबर २०१४ मध्ये सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सांगितलं की काहीच केलं नाही तर जानेवारीपर्यंत लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये १४ लाख केसेस होऊ शकतील. शेवटी गिनी धरून तिन्ही देशांत मिळून झाल्या साधारण २८,६००. आता 'काहीच केलं नाही तर' हे शब्द बातमीत कोण वाचतं, लोकांनी भाकितच समजलं, आणि मदत पोचल्यावर केसेस कमी होणारच होत्या की. पुढे एका फोरकास्टिंग स्पर्धेत बऱ्याच टीमना मुद्दाम बनवलेला इबोलाचा डेटा टप्प्याटप्प्याने दिला, त्यात कुठलंच एक मॉडेल कायम पुढे राहिलं नाही, सगळ्यांची सरासरी मात्र भरवशाची निघाली. २०२० च्या कोविड फोरकास्ट हबमध्ये बऱ्याच टीमचे अंदाज एकत्र करण्याचा हाच प्रकार दर आठवड्याला चालायचा.

यातल्या बऱ्याच मॉडेल्सच्या मुळाशी असलेलं गणित आपल्या मुंबईच्या आकड्यांवर तपासलेलं आहे हे फार जणांना माहीत नसतं. केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोन संशोधकांनी १९२७ च्या पेपरमध्ये डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या मुंबईतल्या प्लेगच्या आठवडावार मृत्यूंवर आपला कर्व्ह बसवून दाखवला आणि तो मस्त बसलाही. गंमत म्हणजे त्यांचं समीकरण माणसाकडून माणसाला होणाऱ्या रोगाचं होतं आणि मुंबईतला प्लेग होता उंदरांच्या पिसवांमुळे पसरणारा. कर्व्ह जुळला म्हणजे कारणही तेच असं नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं, पेपरमध्ये त्यांनी तशी सावधगिरीही नोंदवली आहे.