एचबीएवनसी आणि होमा-आयआर: एकाच्या कामाला दुसरा का चालत नाही

एचबीएवनसी म्हणजेच ‘तीन महिन्यांची शुगर’ ५.४ टक्के, म्हणजे नॉर्मल, आली की बरेच जण निर्धास्त होतात. चला, इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) नाही! पण एचबीएवनसी ते सांगतच नाही. हिमोग्लोबिनला साखर किती चिकटली, एवढंच त्यातून कळतं. ती साखर आटोक्यात ठेवायला स्वादुपिंडाला किती इन्सुलिन ओतावं लागलं, याचा त्यात पत्ता नसतो.

तो हिशेब होमा-आयआरचा. १९८५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मांडलेलं सूत्र सोपं आहे: उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचं इन्सुलिन, भागिले ४०५. समजा दोघांची फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची साखर, ९२ आहे. एकाचं इन्सुलिन ५, दुसऱ्याचं १८. पहिल्याचा होमा १.१, दुसऱ्याचा ४.१. शुगरच्या रिपोर्टवर दोघे जुळे भाऊ, पण दुसऱ्याचं स्वादुपिंड तिपटीहून जास्त राबतंय. साधारण २ ते २.५ च्या वर रेझिस्टन्स धरतात, तरी ही रेषा सगळीकडे एक नाही. इन्सुलिन मोजायच्या पद्धतीही लॅबगणिक वेगळ्या, त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही.

खरी गोची मधुमेह जुना झाल्यावर होते. हाच दुसरा माणूस, काही वर्षांनी: स्वादुपिंड थकलेलं, फास्टिंग १६०, इन्सुलिन ६. होमा २.४! कागदावर सुधारणा, प्रत्यक्षात आजार पुढे गेलेला. रेझिस्टन्स हललेला नाही, इन्सुलिनच आटलंय. अशा वेळी एचबीएवनसीवरच भिस्त ठेवावी. जो इन्सुलिनची इंजेक्शनं घेतो, त्याच्या रक्तात टोचलेलं आणि स्वतःचं इन्सुलिन एकत्र झालेलं असतं. त्याला होमा करायला लावणं म्हणजे माझ्या मते पैसे पाण्यात.

एचबीएवनसीही अगदी निर्दोष नाही. लोह कमी असेल तर तो उगाच चढलेला दिसू शकतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून तो खोटा कमी येऊ शकतो. सिकलसेलचे रुग्ण जास्त असलेल्या नंदुरबार, गडचिरोलीकडे रिपोर्ट वाचताना हे ध्यानात हवंच.

‘मी तर बारीक आहे’ हाही भरवसा नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

इन्सुलिनची तपासणी परवडत नसेल, तर घरात पडलेला लिपिड प्रोफाइलचा (रक्तातल्या चरबीचा) रिपोर्ट काढा. उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड आणि साखर यांवरून टीवायजी इंडेक्स हा रेझिस्टन्सचा अंदाज देणारा आकडा निघतो, त्याला इन्सुलिन लागतच नाही. शिवाय टेप घ्या: कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० च्या पुढे असेल आणि मानेवर, काखेत कातडी काळपट, मखमली झाली असेल, तर ५.४ आकडा असला तरी डॉक्टरांना दाखवा.