अल्ट्रा व्हॅन: साडेतीनशेवर फिरत्या घरांची नोंद कशी उभी राहिली

अल्ट्रा व्हॅन ही अमेरिकेतली मोटरहोम, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारं घर, एकूण साधारण 370 बांधली गेली. बांधणाऱ्या कंपनीचं काम 1970 मध्ये थांबलं. पुढे कुठली गाडी कोणाकडे गेली, कुठली भंगारात निघाली, याचा हिशेब ठेवायला कारखाना उरलाच नाही. तो हिशेब मालकांनी ठेवला आणि आजही तेच ठेवतात. जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीने 1973 ते 1978 या काळात जवळपास 13 हजार जीएमसी मोटरहोम बांधल्या. तिथे एखादी गाडी नोंदीतून सुटली, तरी तिच्यासारख्या शेकडो सापडतील. इथे तशी सोय नाही.

त्या काळी अमेरिकेत मोटरहोम म्हणजे ट्रकची चॅसी, म्हणजे भार पेलणारा खालचा सांगाडा, आणि तिच्यावर बसवलेली खोली. मिशिगनमधल्या रे फ्रँक यांच्या गाड्या डॉजच्या चॅसीवर उभ्या असत. कॅलिफोर्नियातले डेव्हिड पीटरसन मूळचे विमानांच्या रचनेतले. त्यांनी चॅसीच काढून टाकली. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतल्या फासळ्या रिव्हेटने जोडायच्या आणि सगळा भार त्या कवचानेच पेलायचा, ही विमानाची पद्धत त्यांनी घराला लावली. जिथे पत्रा दोन्ही दिशांनी वळवावा लागतो, त्या पुढच्या-मागच्या कोपऱ्यांना फायबरग्लास वापरलं. गाडी 22 फूट लांब आणि 8 फूट रुंद, पण वजन दीड टनाच्या आसपास. एवढ्या आकाराच्या घराला हे वजन आजही नवलाचं वाटतं.

हे जमलं ते शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर या मोटारीमुळे. ती 1960 च्या मॉडेल वर्षात बाजारात आली. तिचं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन ॲल्युमिनियमचं, हवेने थंड होणारं आणि मागे बसवलेलं होतं. त्यामुळे रेडिएटर नको आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा, गाडीच्या पोटातून जाणारा लांब शाफ्टही नको. गाडीतली जमीन खाली आणि सपाट ठेवता आली, आत सरळ उभं राहता आलं.

सुरुवातीच्या काही गाड्या पीटरसन यांनी स्वतः बांधल्या. मग दिवे बनवणाऱ्या प्रेस्कोलाइट कंपनीने परवाना घेऊन थोड्या काढल्या. पण बहुतेक, म्हणजे तीनशेच्या आसपास गाड्या कॅन्ससमधल्या हचिन्सन गावी तयार झाल्या. जॉन टिलॉटसन यांनी हक्क घेऊन तिथे कारखाना काढला होता. म्हणजे गाडी एकाच नावाने ओळखली जाते, पण बांधणारे हात तीन ठिकाणचे. नोंद करणाऱ्याला हा पहिला पेच पडतो.

दुसरा पेच, कुठल्या गाडीत कुठलं इंजिन आहे हा, जास्त अवघड आहे आणि तो कॉर्व्हेअरच्या नशिबाशी बांधलेला आहे. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे वकील राल्फ नेडर यांनी 1965 मध्ये या मोटारीच्या सुरक्षिततेवर कडक टीका केली. फोर्डच्या मस्टँग या मोटारीमुळे गिऱ्हाईक आधीच वळलं होतं. जनरल मोटर्सने कॉर्व्हेअरमध्ये नवी सुधारणा करणं सोडलं आणि 14 मे 1969 रोजी शेवटची गाडी बाहेर पडली. अल्ट्रा व्हॅनचं काळीजच दुसऱ्याच्या कारखान्यातून येत होतं. ते बंद झालं. शेवटच्या काही गाड्यांना शेव्हरोलेचं व्ही-8, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं, इंजिन बसवून पाहिलं, पण त्यावर कंपनी टिकली नाही.

यानंतरचा इतिहास मालकांनी घडवला. कॉर्व्हेअरच्या इंजिनात पुशरॉडच्या, म्हणजे झडपा हलवणाऱ्या दांड्यांच्या, नळ्यांना रबरी रिंगा असतात. उष्णतेने त्या कडक होतात आणि तेल झिरपू लागतं. पंखा इंजिनावर आडवा बसलेला असतो. त्याचा पट्टा उभ्या पुलीवरून निघून काटकोनात वळतो, आणि तो निसटला की इंजिन तापतं. अशी कामं करता करता कुणी जुन्या मोटारीतलं दुसरं कॉर्व्हेअर इंजिन चढवलं, तर कुणी वेगळंच.

म्हणूनच इंजिनावरचा आकडा नीट वाचता यायला हवा. तो ब्लॉकच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो. आधी 'टी' हे अक्षर, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाचा कारखाना. मग चार अंकांत महिना आणि तारीख, शेवटी इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरं. वर्ष लिहिलेलंच नसतं, ते त्या अक्षरांवरून काढावं लागतं. आणि ही तारीख इंजिनाची, घराची नव्हे. घराचा क्रमांक वेगळा असतो. दोन्ही एकाच नोंदीत वेगवेगळे लिहिले नाहीत, तर पुढचा माणूस इंजिनाच्या तारखेलाच गाडीची जन्मतारीख धरून बसतो.

माझं ठाम मत असं की मूळ कारखान्यातली अवस्था तेवढी खरी मानून बाकीचं गाळणारी नोंद या गाडीवर अन्याय करते. इथे पत्राच भार वाहतो. वातानुकूलनासाठी छतात किंवा नव्या खिडकीसाठी कुशीत कुणी भोक पाडलं असेल, तर ते केवळ सजावटीतला बदल राहत नाही, गाडीच्या ताकदीत फरक पडतो. कापलेल्या जागेचं माप, भोवती जोड म्हणून लावलेली पट्टी, बदललेल्या रिव्हेटांची रांग, फायबरग्लासच्या कोपऱ्याची दुरुस्ती, हे सगळं फोटोसह लिहून ठेवायला हवं.

व्ही-8 गाड्यांच्या बाबतीत तर याला पर्याय नाही. कारखान्यानेच व्ही-8 बसवलेली गाडी कुठली आणि मालकाने पुढे बदललेली कुठली, हे नुसतं इंजिन बघून सांगणं धोक्याचं आहे. तिथे घराचा क्रमांक, जुनी बिलं, विक्रीचे कागद आणि मालकांच्या क्लबच्या वार्तापत्रात छापून आलेली पत्रं एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. कागदावर तारीख नसेल, तर तो कोणाच्या घरातून आला एवढं तरी त्याच्या मागे लिहून ठेवायचं.