दोन मिलिमीटरचा प्ले

दसरा झाला की कराड-इस्लामपूर पट्ट्यातल्या कितीतरी घरांच्या अंगणात ट्रक जॅकवर चढवलेले दिसतात. एकदा गाडी उसाच्या वाहतुकीला लागली की मार्चपर्यंत उसंत नसते, म्हणून स्टिअरिंगचे आणि पाट्यांचे (म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) झिजलेले भाग मालक त्याआधीच घरी बदलून घेतात. हे काम घरी नीट होऊ शकते असे माझे मत आहे. मात्र भाग का झिजला आणि तो कशाच्या जोरावर जागी राहतो, हे समजून घेतल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असतो. पोलादी गोळा, त्याला धरणारी वाटी, मध्ये ग्रीस आणि बाहेरून रबराची टोपी, एवढीच त्याची रचना. टोपीला चीर पडली की शेतरस्त्यावरची धूळ आत जाते. आपल्या भागातला खडक बेसाल्ट असल्यामुळे या धुळीत फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे असतात. मोहसच्या मापावर त्यांचे काठिण्य साधारण ५.५ ते ६.५ भरते, म्हणजे साध्या पोलादाहून ती कठीण असतात. ग्रीसमध्ये मिसळलेली ही धूळ व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखे काम करते. ग्रीस गन मारल्यावर बाहेर येणारे जुने ग्रीस चिमटीत चोळून पाहावे. बोटांना कचकच लागली, तर आत झीज सुरू आहे असे समजावे.

ही झीज वाटते तितकी क्षुल्लक नाही. टाय रॉडला जोडून चाक वळवणाऱ्या दांड्याची, म्हणजे स्टिअरिंग आर्मची, लांबी २०० मिलिमीटर धरली आणि जोडात २ मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला, तर दोन चाकांच्या दिशांमध्ये ०.०१ रेडियनचा, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त फरक पडतो. दोन्ही चाकांनी तो निम्मा निम्मा वाटून घेतला, तरी प्रत्येक टायर दर किलोमीटरला ५ मीटर आडवा घासला जातो. नव्या टायरच्या कडा हंगाम संपायच्या आत का जातात, याचे उत्तर पुष्कळदा इथेच असते.

जुना जॉइंट काढताना नट ढिला केला तरी तो जागचा हलत नाही, कारण गोळ्याचा दांडा निमुळता असतो आणि आर्मच्या भोकात पाचरीसारखा घट्ट बसलेला असतो. अशा वेळी दांड्यावर घाव घालू नयेत. नट चार आट्यांवर राहू द्यावा आणि भोकाभोवतीच्या कड्यावर समोरासमोरून दोन हातोडे एकाच वेळी मारावेत. कडे क्षणभर किंचित लंबगोल होते आणि पाचरीची पकड सुटते. घाई करून गॅसने आर्म तापवण्याची पद्धत मला धोकादायक वाटते, कारण पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी त्या उष्णतेने उतरते आणि बाहेरून ते ओळखूही येत नाही.

जॉइंट रॉडमधून सोडवताना फेरे मोजून लिहून ठेवावेत. आट्याचे अंतर दीड मिलिमीटर असेल, तर वरच्याच २०० मिलिमीटरच्या आर्मवर एका फेऱ्याच्या चुकीने सुमारे एक मीटर व्यासाच्या टायरांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधील अंतरात साडेसात मिलिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे फेरे जुळले तरी शेवटी टेपने टो-इन, म्हणजे चाके पुढच्या बाजूला किती आत वळली आहेत ते, मोजून गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहिलेच पाहिजे. नटाची खाच आणि नट फिरू न देणाऱ्या स्प्लिट पिनचे दांड्यातले भोक जुळत नसेल, तर नट मागे न फिरवता थोडा आणखी कसावा. मागे फिरवला की पाचर सैल राहते.

पाट्यांच्या बाबतीत एकच गोष्ट आवर्जून सांगतो. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तुटलेल्या पाट्याच्या जागी हाताला आला तो जाड पाटा घालणे चुकीचे आहे: जाडी सव्वापट झाली, तर ताठरपणा जवळपास दुप्पट होतो आणि खड्ड्याचा धक्का थेट चासीला बसतो. सेंटर बोल्ट पाटे ओळीत राखतो खरा, पण अॅक्सल, म्हणजे चाकांचा आस, जागी धरून ठेवतो तो पाटे आणि अॅक्सल एकत्र आवळणाऱ्या यू आकाराच्या बोल्टचा, म्हणजे यू-बोल्टचा, ताण. हे बोल्ट एकदा ताणलेले असल्यामुळे पाट्यांबरोबर नवेच घालावेत आणि टॉर्क पान्याने, म्हणजे कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, कसावेत. पहिली भरलेली खेप टाकून आल्यावर ते पुन्हा तपासावेत, कारण नवे पाटे भाराखाली एकमेकांवर दाबून बसतात आणि त्या किंचित दबण्यानेही बोल्टचा बराच ताण उतरतो.