१९:१९:१९चं पाणी आणि हायड्रोपोनिक्सचं द्रावण: दिसायला सारखं, कामाला वेगळं

सांगलीत कुणी घरातल्या घरात पाण्यावर भाजी लावायला काढली की खताचा प्रश्न कुणाला पडतच नाही. तासगाव, सावळज, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग, सगळा द्राक्षाचा पट्टा. ज्याची स्वतःची बाग नाही त्याच्या मामाची असते, नाहीतर सासुरवाडीची. बागेतल्या शेडमध्ये ड्रीपमधून सोडायच्या १९:१९:१९ची फोडलेली पिशवी हमखास सापडते. पाण्यात टाकलं की पूर्ण विरघळतं, खाली गाळ राहत नाही, पिशवीवर ‘विद्राव्य खत’ असं लिहिलेलं असतं. हायड्रोपोनिक्समध्येही, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर केलेल्या लागवडीतही, पाण्यात विरघळलेलं खतच तर लागतं. मग विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये पाण्यावर रोपं लावायच्या डब्यासाठी वेगळं काय आणायचं?

वेगळं आणायलाच लागतं. पण त्यासाठी ऑनलाइन महागडी बाटली मागवायची गरज नाही. जे हवं ते त्याच कृषी सेवा केंद्रात, त्याच फळीवर, दोन पिशव्या पलीकडे असतं. फरक नेमका कुठे आहे ते कळलं की तुम्ही खर्चातही वाचता आणि रोपंही वाचतात.

आधी १९:१९:१९ म्हणजे काय ते बघू. त्यात नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन अन्नद्रव्यं आहेत, प्रत्येकी १९ टक्के. वनस्पतीला लागतात १७ मूलद्रव्यं. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवा-पाण्यातून मिळतात, उरलेली १४ मुळांवाटे आत जावी लागतात. म्हणजे पिशवीत तीन आहेत आणि अकरा नाहीत. तरीही द्राक्षाची बाग त्यावर चांगली चालते, कारण बाग मातीत उभी असते. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर, म्हणजे कॅल्शियम भरपूर. मॅग्नेशियम असतं, शेणखतातून गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं येतात. जमीन जे देते ते सोडून उरलेलं भरून काढायला ही पिशवी बनवलेली आहे. डब्यात जमीनच नाही. तिथलं पाणी म्हणजेच रोपाची सगळी जमीन. त्यात कॅल्शियम घातलं नाही तर ते दुसरीकडून येणार नाही.

नत्र आहे, पण कोणत्या रूपात?

ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, म्हणून जरा सविस्तर. १९:१९:१९ची पिशवी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचा. १९ टक्के नत्रातलं साधारण १०.५ टक्के युरियाच्या रूपात असतं, ४.५ टक्क्यांच्या आसपास अमोनिअमच्या आणि नायट्रेटच्या रूपात फक्त ४ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त नत्र हा युरिया आहे.

जमिनीत याने काही बिघडत नाही. मातीतले जिवाणू युरियाचं अमोनिअम करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि मूळ ते आरामात उचलतं. चिमूटभर मातीत असे असंख्य जिवाणू असतात. धुऊन पुसून घेतलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ते जवळपास नसतात. युरिया तिथे तसाच पडून राहतो, मुळं तो अगदी संथपणे घेतात. पुढे मुळांची साल सुटते, डबा जुना होतो, जिवाणू वाढतात, आणि मग युरियाचं एकदम अमोनिअम व्हायला लागतं. पाण्याचा सामू (पीएच) वर-खाली होतो आणि जादा अमोनिया कोवळ्या मुळांना जाळतो. मुळं आधी पांढरी असतात, ती तपकिरी आणि बुळबुळीत दिसू लागतात.

हायड्रोपोनिक्सच्या द्रावणात नत्र मुख्यतः नायट्रेटच्या रूपात देतात, ते यासाठीच. मूळ ते लगेच घेतं, जिवाणूंची वाट बघावी लागत नाही.

टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं छोटं यंत्र, वापरणाऱ्यांची इथे आणखी एक फसगत होते. पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून आकडा दाखवतं. युरिया विरघळला तरी त्याचे विद्युतभारित कण होत नाहीत, त्यामुळे पेनला तो दिसतच नाही. खात्री करायची असेल तर पेलाभर आरओच्या पाण्यात चमचाभर युरिया विरघळवून पेन बुडवा, आकडा जेमतेम हलतो. १९:१९:१९च्या पाण्यात पेन कमी आकडा दाखवतं, माणूस अजून थोडं टाकतो, आणखी थोडं टाकतो, आणि रोपाला सहन होणार नाही इतकं नत्र डब्यात साठतं. त्यातून कुणी फवारणीचं ५ ग्रॅम लिटरला हे प्रमाण जसंच्या तसं डब्यात वापरलं तर विचारायलाच नको. पानावरून ओघळून जाणाऱ्या पाण्याचं ते प्रमाण आहे, मुळं चोवीस तास बुडून राहतात त्या पाण्याचं नव्हे.

पान काय सांगतं

दोन सारखे डबे शेजारी ठेवा. एकात १९:१९:१९चं पाणी, दुसऱ्यात सगळी अन्नद्रव्यं असलेलं पूर्ण द्रावण, दोन्हींत लेट्यूस. पहिले काही दिवस काहीच फरक दिसणार नाही. उलट १९:१९:१९वालं रोप कधीकधी जास्त गडद हिरवं दिसतं, आणि तिथेच माणसाचा गैरसमज पक्का होतो. मग मधून येणारं सगळ्यात कोवळं पान बघा. त्याची कड आधी पारदर्शक, भिजल्यासारखी होते, नंतर तपकिरी पडून वाळते. पान वाटीसारखं आत वळतं. ही कॅल्शियमची उणीव. कॅल्शियम एकदा जुन्या पानात बसलं की तिथून हलत नाही, म्हणून भूक नेहमी नव्या पानावर दिसते. मॅग्नेशियमचं उलट. ते जुन्या पानातून काढून नव्याला दिलं जातं, त्यामुळे खालची पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात. लोह कमी पडलं तर नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. चुनखडीच्या जमिनीत द्राक्षाची शेंड्याची पानं अशी पिवळी पडलेली आपल्या भागात सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

एक सावधगिरी. पूर्ण द्रावण असूनही लेट्यूसच्या कडा जळत असतील तर खोलीत हवा खेळत नाही असं समजा. पानातून पाणी उडालं तरच कॅल्शियम वर चढतं. छोटा पंखा मंद लावला की बहुतेक वेळा काम होतं.

दुकानातून काय मागायचं

मार्केट यार्डातलं असो की गावातलं, कुठल्याही चांगल्या दुकानात या नावांना कुणी बुचकळ्यात पडत नाही: कॅल्शियम नायट्रेट, तेरा-शून्य-पंचेचाळीस, शून्य-बावन्न-चौतीस (हे आकडेही नत्र, स्फुरद, पालाश याच क्रमाने), मॅग्नेशियम सल्फेट, आणि चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलंच राहील असं बांधलेलं लोह. किलोच्या खाली मिळत नसेल तर बागवाल्या नातेवाइकाकडून प्रत्येकी पाव किलो मागून आणा, वर्षभर पुरेल. पालेभाजीसाठी १० लिटर पाण्याला मी हे प्रमाण धरतो: कॅल्शियम नायट्रेट ६ ग्रॅम, १३:०:४५ ३ ग्रॅम, ०:५२:३४ २ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३ ग्रॅम. यातून लिटरला नत्र सुमारे १३० मिलिग्रॅम, पालाश १६५ ते १७०, कॅल्शियम ११० च्या वर आणि मॅग्नेशियम ३० च्या जवळ बसतं. किलोभर कॅल्शियम नायट्रेटमध्ये असे दीडशेहून जास्त डबे भरतात, म्हणजे डब्यामागे खताचा खर्च किरकोळच.

लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं इतकी थोडी लागतात की दागिने तोलायच्या छोट्या काट्यावरही नीट मोजता येत नाहीत. त्यासाठी १२ टक्क्यांचं ईडीटीए लोह (चिलेटेड लोहाचा एक प्रकार) १० ग्रॅम घ्या, एक लिटर पाण्यात विरघळवा, बाटलीला काळा कागद गुंडाळा आणि त्यातलं २० मिलिलिटर एका डब्याला वापरा. चिलेटेड मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांचंही असंच पाणी करून १० मिलिलिटर पुरे.

आता द्राक्ष बागायतदाराला आधीच पाठ असलेला नियम: कॅल्शियम नायट्रेट आणि ०:५२:३४ एका टाकीत सोडायचं नाही, मॅग्नेशियम सल्फेटसोबतही नाही. कारण डोळ्यांनी बघता येतं. एका पेल्यात थोड्या पाण्यात चमचाभर कॅल्शियम नायट्रेट विरघळवा, दुसऱ्यात ०:५२:३४. दोन्ही स्वच्छ. एकात दुसरं ओता, पाणी पांढरं फटक होतं आणि थोड्या वेळाने तळाला चुन्यासारखा थर बसतो. कॅल्शियम आणि स्फुरद एकमेकांना धरून बसले, आता दोघंही रोपाच्या कामाचे नाहीत. बागेत याच थराने ड्रिपर चोंदतात. डबा भरताना म्हणून आधी ९ लिटर पाणी घ्या, अर्ध्या लिटरात कॅल्शियम नायट्रेट वेगळं विरघळवून ओता, ढवळा, मग बाकीचं अर्ध्या लिटरातून घाला. इतक्या पातळ पाण्यात ती एकमेकांना धरत नाहीत.

बाजारातली खरी हायड्रोपोनिक द्रावणं ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत येतात तीही याच कारणाने. कुणी एकाच पाकिटातली पूड पूर्ण द्रावण म्हणून विकत असेल तर मागे कॅल्शियम लिहिलंय का ते आधी बघा. नसेल, तर ती पूड १९:१९:१९चीच भावंड आहे, फक्त किंमत जास्त.

घरात १९:१९:१९ पडलेलंच असेल आणि वाया घालवायचं नसेल तर १० लिटरला त्यातलं ३ ग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ६, ०:०:५० ३ आणि मॅग्नेशियम सल्फेट ३ ग्रॅम, वर लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं, असं चालतं. युरिया इतका कमी असला की त्रास देत नाही. माझी पसंती तरी पहिल्या प्रमाणालाच.

डबा

डब्याचं काम सोपं आहे. झाकणाचा १० ते १२ लिटरचा प्लॅस्टिकचा डबा किंवा थर्माकोलची पेटी घ्या. बाहेरून काळा रंग आणि त्यावर पांढरा, म्हणजे आत उजेड जात नाही आणि शेवाळ धरत नाही. झाकणाला तीन भोकं, त्यांत बुडाला छिद्रं पाडलेले प्लॅस्टिकचे कप, कपात स्पंजमध्ये उगवलेलं रोप. पाणी कपाच्या बुडाला जेमतेम टेकेल इतकं. पंप नको. रोप पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि मधल्या मोकळ्या जागेतली मुळं हवेतून ऑक्सिजन घेतात. हवाई विद्यापीठातल्या बी. ए. क्रॅट्की यांनी रूढ केलेली ही रीत.

उजेडाला २० वॅटची चार फुटी पांढरी एलईडी ट्यूब, पानांपासून वीतभर उंचीवर, दिवसाला १५ तास. रोजची ०.३ युनिट वीज, महिन्याला ९. खिडकीत चांगला उजेड असेल तर तीही कमी होते.

पाण्याकडे मात्र लक्ष द्या. बोअरचं पाणी आपल्याकडे अनेक ठिकाणी जड आणि खारट. खत घालायच्या आधीच टीडीएस ५०० च्या पुढे असेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. सामू ५.५ ते ६.५ च्या मधे हवा. लिंबूसत्त्वाने तो उतरतो, पण काही दिवसांत पुन्हा चढतो, तेव्हा पीएचच्या पट्टीने तपासत राहायचं. ईडीटीए लोह ६.५ च्या वर नीट टिकत नाही.

लागवड दिवाळीनंतर करा. मार्चपासून इथलं पाणी डब्यात कोमट होतं, त्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि लेट्यूस-पालक हातचे जातात. उन्हाळ्यात पुदिना आणि तुळस लावा, ती तग धरतात.

महिनाभरात पाणी निम्म्यावर आलं तर डबा पुन्हा काठोकाठ भरू नका, हवेची सवय झालेली मुळं बुडून गुदमरतात. दोन बोटं पातळी वाढेल एवढंच, अर्ध्या ताकदीचं द्रावण घाला. काढणीनंतर तळाला उरलेलं पाणी साध्या पाण्यात मिसळून कुंड्यांना द्या आणि डबा घासून, उन्हात वाळवून मगच पुढची रोपं लावा. खतांच्या बरण्या घट्ट झाकणाच्या ठेवा, कॅल्शियम नायट्रेट पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने पाणी पाणी होतं. प्रत्येक बरणीवर नाव लिहा आणि ती स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठा-साखरेच्या शेजारी तर मुळीच ठेवू नका.