रुआख: वारा, श्वास की आत्मा?

हिब्रू बायबलमध्ये 'रुआख' हा शब्द सुमारे ३८० वेळा येतो. तांबड्या समुद्राचं पाणी रात्रभर मागे रेटणारा पूर्वेचा वारा म्हणजे रुआख. नाकातला श्वासही रुआख. बायबलमधला बलाढ्य वीर शमशोन ज्याच्या जोरावर नुसत्या हातांनी सिंह फाडतो, तेही परमेश्वराचं रुआखच. आपल्याकडे 'अंगात वारं आलं' म्हणतात, तो अर्थ याच्या फार जवळचा. हे वारं चांगलंच असेल असं नाही. शौल राजाला छळणारं दुष्ट रुआखही परमेश्वराकडूनच येतं.

खरा वाद आहे तो बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, 'उत्पत्ती'च्या, दुसऱ्याच ओवीवर. अंधार, अथांग पाणी आणि त्यावर 'रुआख एलोहिम'. मराठी बायबल इथे 'देवाचा आत्मा' म्हणतं. अमेरिकेत १९६२ साली निघालेल्या ज्यू भाषांतराने 'देवाकडून आलेला वारा' असं केलं. काही अभ्यासक 'एलोहिम' (देव) हा शब्द केवळ जोर दाखवण्यासाठी आहे असं धरून 'प्रचंड वादळ' असा अर्थ लावतात. तो मला पटत नाही. सोबतचं क्रियापद 'मेराखेफेत' बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात पुन्हा भेटतं, आणि तिथे गरुड आपल्या पिलांवर पंख फडफडवत असतो. वादळ पिलं जपत नाही.

पण 'आत्मा' त्याहून अडचणीचा. मराठी कानाला आत्मा म्हटलं की अजन्मा, अविनाशी, देह टाकून जाणारं काही ऐकू येतं. स्तोत्र १०४ मध्ये देव प्राण्यांचं रुआख काढून घेतो आणि ते मरून मातीला मिळतात. हा उसना श्वास आहे. 'प्राण' शब्द इथे कितीतरी नेमका बसला असता.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला (बॅबिलॉनला) नेलेल्या ज्यू बंदिवानांपैकी एका संदेष्ट्याने हा शब्द सर्वांत ताकदीने वापरला. तो यहेज्केल. त्याच्या पुस्तकाच्या ३७व्या अध्यायात सुकलेली हाडं खडखडत जुळतात, स्नायू, मांस, कातडी चढते. तरी ती प्रेतंच. मग चार दिशांहून रुआखला बोलावलं जातं. चौदा ओव्यांत तोच शब्द दिशा, वारा, श्वास आणि देवाची शक्ती होतो.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिब्रू बायबलचं ग्रीक भाषांतर सुरू झालं, आणि बहुतेकदा स्त्रीलिंगी असलेला हा शब्द नपुंसकलिंगी 'न्यूमा' झाला. पुढे लॅटिनमध्ये पुल्लिंगी 'स्पिरितुस'. मृत समुद्राकाठी १९४७ मध्ये सापडलेल्या एका गुंडाळीत तर रुआख दोन आहेत, सत्याचं आणि असत्याचं. दोन्ही माणसाच्या हृदयात झुंजतात, आणि दोन्ही देवानेच घडवलेली, शौलाच्या कथेतल्यासारखी.