प्लेन्स-वाँडरर: दुर्लाव समजल्या गेलेल्या पक्ष्याची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील अंतर्गत मैदानांत, विशेषतः न्यू साउथ वेल्समधील रिव्हरिना प्रदेशात आणि व्हिक्टोरियाच्या उत्तरेकडील माळांवर, प्लेन्स-वाँडरर हा लाव्याएवढा पक्षी जमिनीवर बिया आणि कीटक टिपत फिरतो. तो पाहायचा असेल, तर रात्री मेंढ्यांच्या कुरणातून वाहन अतिशय संथ चालवत प्रखर दिव्याचा झोत गवतावरून फिरवावा लागतो. दिवसा तो चवड्यांवर उभा राहून, मान उंचावून भोवतालचा कानोसा घेतो आणि संशय येताच उडण्याऐवजी जमिनीला असा चिकटून बसतो, की त्याचा तपकिरी, नक्षीदार पिसारा सुकलेल्या गवतात दिसेनासा होतो.

इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी 1840 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ‘पेडिओनोमस टॉरक्वाटस’, म्हणजे माळावर राहणारा कंठेधारी, असे नाव दिले. हा कंठा, पांढऱ्या ठिपक्यांची काळी पट्टी, प्रत्यक्षात मादीच्या गळ्यात उठून दिसतो; छातीवरील तांबूस डागही तिचाच, आणि आकारानेही तीच मोठी असते. अंडी उबवण्याचे आणि पिले सांभाळण्याचे काम मुख्यतः नर करतो. आपल्याकडील दुर्लावांमध्येही (लाव्यासारखे दिसणारे, जमिनीवर वावरणारे छोटे पक्षी; इंग्रजीत बटनक्वेल) असेच असते. शिवाय बाह्यरूपही सारखे, त्यामुळे दुर्लावाला नसलेले मागचे बोट याला असूनही हा पक्षी दुर्लावांचाच नातलग आहे, अशी समजूत दीर्घकाळ टिकली.

ती मोडली 1981 मध्ये. ओल्सन आणि स्टेडमन या अभ्यासकांनी सांगाड्याच्या रचनेवरून तो टिटवी-तुतारी यांच्या गणातील असल्याचे दाखवले, आणि पुढे जनुकीय अभ्यासांनी दक्षिण अमेरिकेतील सीडस्नाइप हे जमिनीवर वावरणारे पक्षी त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक ठरवले. दुर्लावही पुढे याच गणात आले, पण वेगळ्या शाखेवर. प्लेन्स-वाँडररच्या शाखेवर मात्र पाणलावा आणि कमळपक्षी आहेत. महाराष्ट्रातील तळ्याकाठी कमळपक्ष्याचा नर पिले सांभाळताना ज्याने पाहिला आहे, त्याला हे दूरचे नाते मनापासून आनंद देईल. स्वतःच्या कुळात मात्र प्लेन्स-वाँडरर ही एकमेव जात उरली आहे.

त्याच्या अधिवासाची गरज फार नेमकी आहे: सुमारे निम्मी जमीन उघडी, बाकीचे गवत बहुतांशी बोटभर उंचीचे आणि मधूनमधून लपण्यापुरती थोडी उंच झुडपे. नांगराने असे माळ मोठ्या प्रमाणावर नाहीसे केले. उरलेल्या माळांवर मेंढ्यांची चराई बेसुमार झाली तर आडोसा जातो, अजिबात थांबली तर ओल्या वर्षांत गवत दाटते. 2010 नंतरच्या भरपूर पावसात व्हिक्टोरियाच्या उत्तर मैदानांवरील त्याची संख्या झपाट्याने घसरली. कोल्ह्यांचा उपद्रव वेगळाच. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने त्याला अतिसंकटग्रस्त घोषित केले आणि 2018 मध्ये व्हिक्टोरियातील वेरिबी येथील प्राणिसंग्रहालयात बंदिवासातील जोडीची पिले अंड्यांतून बाहेर आली.

रात्रीच्या निरीक्षणाला आता ध्वनिमुद्रक यंत्रांचीही जोड मिळाली आहे. मादीची हाक दूरवरच्या गाईच्या हंबरण्यासारखी खोल असते, आणि दिव्याचा झोत न पोहोचणाऱ्या माळावरही ती टिपता येते.