अक्षराच्या डोक्यावरची टोपी: रोमानियन लष्करी सामानाचं वय कशावरून ओळखतात?

जुनी मराठी पुस्तकं हाताळणाऱ्यांना एक सवय लागलेली असते. मुखपृष्ठ फाटलेलं असो, साल छापलेलं नसो, आत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केलें’ असं दिसलं की पुस्तक बहुधा 1962 च्या आधीचं, हे लगेच कळतं. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. रोमानियन फौजेचं जुनं सामान जमवणाऱ्यांना हीच युक्ती कामाला येते. फरक इतकाच, की तिथे टिंबाऐवजी टोपी बघायची.

रोमानियन भाषेत एकाच उच्चारासाठी दोन अक्षरं आहेत. एक रोमन लिपीतला ‘ए’ (â) आणि एक ‘आय’ (î), दोघांच्याही डोक्यावर छपरासारखी टोपी. 1953 च्या सुधारणेने टोपीवाला ‘ए’ हद्दपार झाला आणि सगळीकडे टोपीवाला ‘आय’ आला, देशाच्या नावातसुद्धा. लॅटिन मुळाशी नातं सांगणारं अक्षर जाऊन स्लाव्ह वळणाचं अक्षर आलं, असं तेव्हाही लोकांना खटकलं होतं. मॉस्कोपासून थोडं अंतर राखायची वेळ आली तेव्हा, 1960 च्या दशकाच्या मध्यावर, ‘ए’ परत आला, पण फक्त ‘रोमानिया’ आणि त्यावरून बनलेल्या शब्दांत. बाकीच्या बहुतेक शब्दांत तो 1993 मध्ये रोमानियन अकादमीच्या निर्णयाने परतला.

म्हणजे एखाद्या शिक्क्यात देशाचं नाव टोपीवाल्या ‘आय’ने लिहिलेलं असेल, तर ती वस्तू साधारण 1953 ते 1965 या बारा वर्षांतली. देशाचं नाव ‘ए’ने, पण धुण्याच्या सूचनेतला ‘हात’ हा शब्द ‘आय’ने असेल, तर 1965 ते 1993. अडचण एकच: धातूवर ठसा मारताना किंवा स्टेन्सिलने रंगवताना कारागीर टोप्या सर्रास गाळायचे. ठसा बिनटोप्यांचा असेल तर या युक्तीचा काही उपयोग नाही.

या देशाच्या सामानात इतके थर का आहेत, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. रोमानिया पहिल्या महायुद्धात उतरला ऑगस्ट 1916 मध्ये, दोस्तांच्या बाजूने. डिसेंबरात राजधानी बुखारेस्ट पडली आणि फौज मोल्दोव्हा प्रांतात मागे हटली. तिची नव्याने उभारणी केली जनरल बर्तलो यांच्या फ्रेंच लष्करी पथकाने. 1917 च्या उन्हाळ्यात मरशेश्तीच्या लढाईत जर्मनांना रोखलं ते याच फौजेने. त्यामुळे त्या काळातलं रोमानियन शिरस्त्राण म्हणजे फ्रेंच एड्रियन हेल्मेट, आणि त्यावर पुढे राजा फर्डिनांडची मुकुटाखालची ‘एफ’ अक्षरं. हा बिल्ला पत्र्यातल्या फटींतून पाय घालून आत वाकवलेला असतो. फ्रेंच बिल्ला काढून रोमानियन बसवणं हे पाच मिनिटांचं काम, म्हणून बिल्ल्याइतकंच त्या फटींकडे लक्ष द्यावं: कडा ताज्या आहेत का, आतल्या पायांवरचा गंज भोवतीच्या गंजाशी जुळतो का.

राजेशाहीच्या काळात राजाच्या नावाचं अक्षर हेच कॅलेंडर होतं. फर्डिनांड 1914 ते 1927, त्यानंतर लहानगा मिहाई 1930 पर्यंत, मग त्याचे वडील दुसरे कॅरोल सप्टेंबर 1940 पर्यंत, आणि पुन्हा मिहाई, 30 डिसेंबर 1947 ला गादी सोडेपर्यंत. मुलगा आधी, बाप नंतर, परत मुलगा: अशा वंशावळीत कोणीही चुकेल. कॅरोलच्या काळात डच पद्धतीचं हेल्मेट आलं, संग्राहक त्याला एम-39 म्हणतात. काहींच्या कपाळावर राजचिन्ह उठवलेलं आहे, काही कोरी आहेत. मिहाईची खूण तर दुरूनही ओळखू येते. चार ‘एम’ एकत्र येऊन क्रूस होतो आणि 1941 पासून तो विमानांवरही रंगवलेला असायचा.

राजा गेला, पण माल गेला नाही, आणि रोमानियन सामानाची सगळी गोम इथेच आहे. गरीब देश, उद्ध्वस्त कोठारं. चांगलं वापरण्याजोगं सामान फेकून देणं परवडणारं नव्हतं. मग राजाची खूण घासून काढायची आणि वस्तू पुढे चालू ठेवायची. चेकोस्लोव्हाकियात बनलेल्या रायफलींच्या चेंबरवरचं (गोळी बसते त्या भागावरचं) राजचिन्ह असंच घासलेलं पुष्कळदा सापडतं. नवखा संग्राहक अशा वस्तूला ‘खराब’ म्हणून बाजूला ठेवतो. मला तीच जास्त बोलकी वाटते. जिथे खूण होती तिथला सपाट, किंचित खोलगट डाग सांगतो की वस्तू राजाच्या काळात बनली आणि प्रजासत्ताकाच्या काळातही वापरात राहिली.

प्रजासत्ताकाचं राजचिन्ह मात्र भिंगाखाली धरून पाहण्यासारखं आहे. माझ्याकडे एका अधिकाऱ्याच्या पट्ट्याचं पितळी बक्कल आहे. विकणाऱ्याने ते ‘दुसऱ्या महायुद्धाचं’ म्हणून दिलं होतं. मधोमध डोंगर, मागून उगवता सूर्य, देवदारांचं रान, डावीकडे तेलविहिरीचा सांगाडा, भोवती गव्हाच्या ओंब्या. खाली फितीवर झिजलेली तीन अक्षरं: आर, पी, आर. वर बोटाने चाचपलं की टोचतो तो छोटा तारा. पीपल्स रिपब्लिकचं हे चिन्ह 1948 चं, आणि वरचा तारा त्यात आला 1952 मध्ये. 1965 ला देश ‘समाजवादी प्रजासत्ताक’ झाला आणि फितीवरचा मजकूर बदलला. तेव्हा हे बक्कल 1952 ते 1965 मधलं. महायुद्ध संपून निदान सात वर्षं झालेली. पैसे परत मागायला गेलो नाही, कारण वस्तू खरी होती, खोटी होती ती फक्त चिठ्ठी.

साठच्या दशकानंतरचा काळ संग्राहकांच्या दृष्टीने वेगळा. सोव्हिएत फौजा 1958 मध्येच देश सोडून गेल्या होत्या. ऑगस्ट 1968 मध्ये वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत गटाच्या, फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या, तेव्हा रोमानियाचा सत्ताधीश चाउशेस्कूने सामील व्हायला नकार दिला आणि ‘देशभक्त रक्षकदलं’ उभी केली. त्यानंतर सामान देशातच बनवण्यावर भर वाढला. म्हणून 1973 चं हेल्मेट, 1974 चा गॅस मास्क अशा आकड्यांच्या वस्तू या काळात दिसतात.

पण या आकड्यांनी फसायला होतं. रोमानियन नावांत ‘मॉडेल’ या शब्दापुढे येणारा आकडा तो नमुना कोणत्या सालचा ते सांगतो. हातातला नग त्या साली बनला असं नाही. मॉडेल 63 ची रायफल पुढेही वर्षानुवर्षं बनत राहिली. तिच्यावर कुगीर कारखान्याचा त्रिकोणातला बाण असतो आणि उत्पादनाचं साल वेगळं कोरलेलं असतं. कापडी आणि चामडी सामानावर साल मिळेलच असं नाही. तिथे ‘स्टास’ हे राज्यमानकाचं नाव शोधावं: त्यातल्या क्रमांकाच्या शेवटी मानकाचं वर्ष जोडलेलं असतं. वस्तू त्याआधीची असू शकत नाही, नंतरची मात्र कितीही असू शकते. ‘सीटीसी’ म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागाचा शिक्का, आणि ‘यू. एम.’ पुढचा आकडा म्हणजे पलटणीचा क्रमांक. या दोन्हींना साल समजून बसणारे मी पाहिले आहेत.

काही वस्तूंवर काहीच नसतं. तंबूचं पाल, ॲल्युमिनियमचा डबा, आणि छोटं फावडं. या फावड्याला रोमानियन फौजेत अजूनही ‘लिनेमान’ म्हणतात, 1869 मध्ये ते काढणाऱ्या डॅनिश अधिकाऱ्याच्या नावावरून. दीडशे वर्षांत घाट फारसा बदललाच नाही, तर साल कुठून काढणार? इथे दांड्याचं लाकूड, रंगाचे थर आणि शिलाईचा दोरा पाहून अंदाज बांधायचा आणि अंदाजच म्हणायचा.

डिसेंबर 1989 मध्ये लोकांनी झेंड्यांतून ते डोंगर-सूर्याचं चिन्ह कात्रीने कापून काढलं आणि सैनिकांनी दंडावर तिरंगी फिती बांधल्या. नवं राजचिन्ह, सोनेरी गरुड, आलं सप्टेंबर 1992 मध्ये. मधल्या पावणेतीन वर्षांत नवी अधिकृत खूणच नव्हती. पुढे 2004 मध्ये नाटोचं सदस्यत्व आलं, 2007 पासून सक्तीची लष्करसेवा थांबली, आणि कोठारांमधला जुना माल गठ्ठ्यांनी सरप्लसच्या बाजारात उतरला. आज स्वस्तात मिळतं ते बहुतेक हेच, न वापरलेलं. गॅस मास्कची जुनी फिल्टरं मात्र शोभेपुरतीच ठेवावीत, तोंडाला लावू नयेत.

गरुडाच्या डोक्यावर 2016 मध्ये मुकुट परत आला: तोच पोलादी मुकुट, जो पहिल्या कॅरोलच्या 1881 च्या राज्याभिषेकासाठी प्लेव्हनाच्या लढाईत जिंकलेल्या तुर्की तोफेच्या धातूतून घडवला होता. त्यामुळे आता बक्कलावर गरुड दिसला की आधी त्याचं डोकं बघावं लागतं.